फॉर्ममधलं 'हार्डली एव्हर': सासूबाईंसाठी कुठल्या चौकोनात खूण करू?

रावपुऱ्याची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न इंग्रजीचा आहे, पण अडकलाय माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूत. म्हणून थोडं पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

आईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी इथल्या, बडोद्याच्या दवाखान्याने एक लांबलचक फॉर्म हातात दिला, सगळाच्या सगळा इंग्रजीत. बीपी, साखर, ॲलर्जी, आधी कुठली ऑपरेशनं झाली, इथपर्यंत मी तो सरसर भरला. घोळ पुढच्या पानावर. तिथला प्रत्येक प्रश्न 'हाऊ ऑफन' ने सुरू होतो आणि उत्तरासाठी पाच चौकोन आहेत: ऑलवेज, युज्वली, समटाइम्स, हार्डली एव्हर, नेव्हर. एक जिना चढताना दम खायला थांबावं लागतं का? उताणं झोपल्यावर खोकला येतो का? रात्री लघवीला उठावं लागतं का? असे प्रश्न.

आमच्यात झालेला संवाद जसाच्या तसा देते.

"आई, जिन्यात थांबावं लागतं का?"
"सहसा नाही."
"म्हणजे कधीच नाही लिहू?"
"कधीच कसं? गणपतीत खंडेराव मार्केटातून दोन पिशव्या भरून आणल्या, तेव्हा थांबले होते की."
"मग कधी कधी लिहू?"
"कधी कधी काय गं? सांगितलं ना, सहसा नाही!"

मी 'हार्डली एव्हर' वर खूण केली आणि फॉर्म नेऊन दिला. काउंटरवरच्या बेननी तो वाचला, "हार्डली एटले मुश्केलीथी" असं स्वतःशीच म्हणाल्या आणि समासात गुजरातीत टिपून ठेवलं: दादर मुश्केलीथी चढे छे. जिना मुश्किलीने चढतात! भुलेच्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि म्हणाले, आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून आणा. आई तेव्हा समोर उभ्या, दुसऱ्या मजल्यापर्यंत चालत आलेल्या, लिफ्ट बंद होती म्हणून.

शेवटी डॉक्टरांना समजावलं. ते हसले आणि म्हणाले, नवा फॉर्म घ्या, नीट भरून सोमवारी द्या. घरी आल्यावर नवीनच महाभारत. हे म्हणतात, आम्ही ऑफिसात 'हार्डली दहा मिनिटं लागतील' म्हणतो म्हणजे फक्त दहा मिनिटं. तर 'हार्डली एव्हर' म्हणजे 'फक्त कधीतरी', म्हणजेच समटाइम्स. मुलगी म्हणते, बाबा, ते नेव्हरच्या शेजारचं आहे. आणि मला राहून राहून वाटतंय की त्या काउंटरवरच्या बेन इतक्या ठामपणे बोलल्या, तर त्यांच्याही म्हणण्यात काहीतरी असेलच.

तर कोणी सांगेल का, याचा नेमका अर्थ काय, आणि आईंच्या 'सहसा नाही' ला कुठला चौकोन लागतो?

चिन्मय_मांजलपूर

हार्डली एव्हर म्हणजे क्वचितच. काकू, तुमची पहिली खूण बरोबर होती. काकांचं चुकलंय, सॉरी.

आयल्ट्सच्या (परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) क्लासात आमच्याकडून हे घोटून घेतलंय. तोंडी परीक्षेच्या पहिल्या भागात, जो ४-५ मिनिटांचा असतो, साधेच प्रश्न येतात: स्वयंपाक किती वेळा करता, वाचता का, मित्रांना किती वेळा भेटता. तिथे नुसतं यस-नो करायचं नाही, किती वेळा ते सांगून एखादं कारण जोडायचं. 'आय हार्डली एव्हर कुक, माय मदर वोंट लेट मी निअर द गॅस.' आणि 'आय डोंट हार्डली एव्हर' असं कधीही म्हणायचं नाही. नकार आत आहेच, वरून आणखी 'डोंट' नको.

हार्ड आणि हार्डली यांचं आडनाव फक्त सारखं आहे, नातं काही नाही. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

सूरसागरकाठचा_मास्तर

सूनबाई, खूण तुमची बरोबरच. पण चिन्मयने जे शेवटचं वाक्य लिहिलंय ते ऐकायला झकास आणि साफ खोटं आहे, म्हणून मला लिहायला बसावं लागतंय. निवृत्त मास्तराला चुकीचं वाक्य दिसलं की हात शिवशिवतात.

आधी काउंटरवरच्या बेनची बाजू घेतो, कारण बाकी सगळे त्यांना हसणार. 'हार्ड' ला 'ली' लागूनच 'हार्डली' झालं. पूर्वी त्याचा अर्थ होता जोराने, कठोरपणे. मग कष्टाने, मुश्किलीने. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात मत्तयाच्या १९व्या अध्यायात श्रीमंत माणूस स्वर्गाच्या राज्यात 'शॅल हार्डली एंटर' असं लिहिलंय. त्या काळच्या वाचकाला त्याचा अर्थ कळत होता: मोठ्या मुश्किलीने शिरेल. लगेच पुढच्याच ओळीत सुईच्या नेढ्यातून जाणारा तो सुप्रसिद्ध उंट येतो. आजचा मुलगा तेच वाक्य वाचेल तर म्हणेल, श्रीमंत जवळजवळ शिरणारच नाही. अर्थ सरकला. म्हणून तर पुढच्या भाषांतरकारांनी 'हार्डली' काढून तिथे 'इट इज हार्ड' यासारखी सरळ वाक्यं घातली. तेव्हा तुमच्या बेन चुकल्या नाहीत, चारशे वर्षं उशिरा आल्या.

आता हा अर्थ सरकला कसा ते बघा, कारण तेच आपल्याकडेही झालंय आणि आपल्याला पत्ता नाही. जे कष्टाने होतं ते थोडंच होतं. जे थोडं होतं ते जवळजवळ होतच नाही. 'पगारातून मुश्किलीने हजार रुपये उरतात' असं आपण म्हणतो तेव्हा हजार रुपये उरवायला कोणी घाम गाळलेला नसतो. उरलेली रक्कम कमी आहे, एवढंच म्हणायचं असतं. गुजरातीत यालाच 'मांड' आहे. मांड दस मिनिट. मराठीत जेमतेम.

आणि इथे तुमचे यजमान येतात. त्यांचं 'हार्डली दहा मिनिटं' हे 'मांड' आहे, जेमतेम आहे. ऑफिसात ते बरोबरच बोलतात. घसरले कुठे? त्यांनी 'जेमतेम' च्या जागी 'फक्त' धरलं. 'फक्त दहा' म्हणजे पुरती दहा मिनिटं लागतील, पण ती कमी आहेत. 'जेमतेम दहा' म्हणजे दहाही लागतील की नाही शंका. हार्डली नेहमी खाली ओढतं. आता त्याच्यापुढे 'एव्हर' ठेवा. एव्हर म्हणजे कधीही, एकदा तरी. मग हार्डली एव्हर म्हणजे 'एकदा तरी' असं म्हणायलाही जेमतेमच जागा. समटाइम्सपासून बरंच लांब, नेव्हरच्या उंबऱ्यावर. मुलीला माझा शाबासकीचा निरोप द्या.

'एव्हर' नसेल तर मात्र सावध. 'आय हार्डली नो हिम' यात किती वेळा हा प्रश्नच नाही, ओळख जुजबी आहे. 'शी हार्डली एट' म्हणजे तिने नावाला दोन घास खाल्ले. किती वेळा ते सांगायचं असेल तेव्हाच 'एव्हर' नेमाने येतं. 'हार्डली एनी', 'हार्डली एनीवन' ही त्याचीच भावंडं: हार्डली एनी शुगर म्हणजे साखर नावापुरती.

वर्गात मी हे पारखायला एक युक्ती सांगत असे. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी जे शेपूट लावतात ना, 'डझ शी?', 'डझन्ट शी?', ते लावून बघा. 'शी समटाइम्स स्टॉप्स' याला शेपूट लागतं 'डझन्ट शी?' पण 'शी हार्डली एव्हर स्टॉप्स' याला लागतं 'डझ शी?', अगदी 'शी नेव्हर स्टॉप्स' ला लागतं तसंच. वाक्यात 'नॉट' कुठेच नाही, तरी इंग्रजी त्याला नकारार्थी वाक्य म्हणून वागवते. यजमानांचा समटाइम्सवाला पक्ष इथे पुरता पडतो.

आपली अडचण अशी की मराठीत नकार क्रियापदापाशी राहतो, आणि तो येतो शेवटी. 'आई सहसा' इथे वाक्य तोडलं तर पुढे 'थांबतात' येईल की 'थांबत नाहीत' हे सांगता येत नाही. इंग्रजीत नकार आधीच त्या क्रियाविशेषणात बसून येतो आणि क्रियापद होकारी राहतं. म्हणून आपली मुलं सवयीने 'डोंट' घालतात, चिन्मयने सांगितलं ते अगदी खरं आहे.

पण बडोद्याच्या माणसाला हे अवघड जायला नको! रस्त्यावर आपण दिवसभर काय बोलतो? 'ए भाग्ये ज आवे छे.' नशीब असेल तरच येतो, म्हणजे येत नाहीच म्हणा ना. क्रियापद होकारी, नकार आधीच्या शब्दात. हार्डली एव्हरचं माप घेऊन शिवल्यासारखा शब्द आहे, आणि तो आपल्या जिभेवर आयता आहे. माझ्या मराठी शाळेतल्या मुलांना मी 'क्वचितच' सांगून जे समजावू शकलो नाही ते 'भाग्ये ज' सांगितल्यावर एका फटक्यात कळायचं. पुढच्या वेळी काउंटरवर एवढंच म्हणा: बेन, हार्डली एटले मांड, पण हार्डली एव्हर एटले भाग्ये ज. त्या लगेच मान डोलावतील.

मराठीतही 'क्वचितच' हा एकटाच नाही. सठीसहामासी आहे, कधीमधी आहे, 'कधी नव्हे ते' आहे. पण सठीसहामासीत तक्रार असते. 'सठीसहामासी येतोस' हे आत्या म्हणते, फॉर्म नाही. आणि 'कधी नव्हे ते' एका प्रसंगाबद्दल बोलतं, सवयीबद्दल नाही. फॉर्मसाठी क्वचितच ठीक.

राहता राहिलं आईंचं 'सहसा नाही'. अगदी काटेकोर बोलायचं तर ते 'युज्वली नॉट' च्या जवळ जातं आणि हार्डली एव्हरपेक्षा किंचित सैल आहे. सहसा नाही म्हणणारा दहातून दोनदा थांबत असेल तरी खोटं बोलत नाही. हार्डली एव्हर म्हणणारा दहातून दोनदा थांबला तर मी त्याला हटकेन. पण फॉर्ममध्ये 'युज्वली नॉट' चा चौकोनच नाही, आणि आईंनी दाखला दिला तो भरल्या पिशव्यांचा, एका वेळचा. म्हणून हार्डली एव्हर.

जाता जाता एक. याच गावात १९३१ साली श्री सयाजीशासन शब्दकल्पतरू नावाचा जाडजूड कोश छापला गेला. राज्यकारभारातला इंग्रजी शब्द आणि त्याला गुजरातीत, मराठीत, संस्कृतात, फारसीत काय म्हणावं हे शेजारी शेजारी रकान्यांत. सरकारी कागद रयतेला कळावा म्हणून. आणि आज त्याच गावात म्हातारीचा कागद फक्त इंग्रजीत. असो, विषय मोतीबिंदूचा आहे.

चिन्मय_मांजलपूर

सर, नातं काही नाही हे क्लासातल्या मॅडमचं वाक्य होतं, माझं नाही 😅 पण शेपटाची युक्ती भारी आहे. नोट केली.

पत्रकवाली

मी औषध कंपनीत काम करते. आमची औषधं युरोपात जातात, त्यांच्या डब्यातली घडीची पत्रकं तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे या शब्दांवर आमच्याकडे अक्षरशः भांडणं होतात. मास्तरांनी भाषेचं सांगितलं, मी त्यातल्या आकड्यांचं सांगते.

शाळेच्या पुस्तकांत या शब्दांची उतरंड असते, ऑलवेजला शंभर टक्के, नेव्हरला शून्य, आणि मधल्यांना लेखकाच्या मनाला येईल ते. दोन पुस्तकं काढून बघा, ऑफनचा आकडा जुळणार नाही. औषधाच्या पत्रकात असं चालत नाही. युरोपच्या नियमांत दुष्परिणामांसाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. 'व्हेरी कॉमन' म्हणजे १० पैकी एकाला किंवा त्याहून जास्त जणांना. 'कॉमन' म्हणजे १०० पैकी एक ते १० पैकी एक. 'अनकॉमन' म्हणजे १,००० पैकी एक ते १०० पैकी एक. 'रेअर' म्हणजे १०,००० पैकी एक ते १,००० पैकी एक. त्याच्याही खाली 'व्हेरी रेअर'. कोणाला वाटलं म्हणून रेअरचं अनकॉमन होत नाही.

यातली खरी गोम मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. पत्रकातलं 'रेअर' हे माणसं मोजतं, वेळा मोजत नाही. 'चक्कर: रेअर' म्हणजे तुम्हाला चक्कर क्वचित येईल असं नाही. हजारांत एखाद्यालाही येणार नाही, पण ज्याला येते त्याला ती रोज सकाळी गोळी घेतल्यावर येऊ शकते. माझ्या स्वतःच्या मामांनी एका गोळीचं पत्रक वाचून 'क्वचित येते ना, मग ही दुसऱ्या कशाने असेल' म्हणून चक्कर अंगावर काढली. घरी या विषयात काम करणारी भाची असून.

तुमच्या फॉर्मचा दोष असा की त्यात काळच दिलेला नाही. हार्डली एव्हर, पण कधीपासूनचं? जन्मापासून की गेल्या महिन्यात? चांगल्या प्रश्नावल्या हे शब्द शक्यतो टाळतात. मन उदास असतं का हे विचारणारी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्या उत्तरांत ऑफन नाही, रेअरली नाही. 'गेल्या दोन आठवड्यांत' असं आधीच बांधून घेतलंय, आणि पुढे उत्तरं: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. आजीबाईसुद्धा बोटांवर मोजून सांगू शकतात.

म्हणून ताई, खूण करा आणि शेजारी हाताने लिहा: गेल्या अमुक महिन्यांत इतक्या वेळा, वजन घेऊन चढताना. भुलेच्या डॉक्टरला तेच हवं असतं. काउंटरवर कोणी काहीही वाचलं तरी आकडा आकडाच राहतो.

वाडीकर_जुना

एवढं रामायण कशाला? 'सेल्डम' लिहायचं की फॉर्ममध्ये. आमच्या वेळी हार्डली एव्हर वगैरे कोणी शिकवलं नाही. सेल्डम, रेअरली, बस.

सूरसागरकाठचा_मास्तर

वाडीकर, चौकोन छापील आहेत, शब्द आपण निवडायचे नाहीत. पण विचारलंत ते बरं झालं.

सेल्डम जुना आणि खानदानी शब्द आहे, जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'सेल्टन' आजही रोजच्या बोलण्यात आहे. इंग्रजीत मात्र तो बोलण्यातून उठून पुस्तकात जाऊन बसला. आज लंडनमधली बाई शेजारणीला 'आय सेल्डम सी हर' म्हणेल तर शेजारीण चमकून बघेल. 'हार्डली एव्हर' म्हणेल. रेअरली दोन्हीकडे चालतं. आपल्या पिढीने इंग्रजी कागदावरून उचललं, म्हणून आपल्या तोंडी सेल्डम राहिला. चूक काहीच नाही, फक्त धोतर नेसून मॉलमध्ये गेल्यासारखं दिसतं. आणि वापरायचाच असेल तर 'सेल्डम ऑर नेव्हर' किंवा 'सेल्डम इफ एव्हर' म्हणा. दोन्हींची खिचडी करून 'सेल्डम ऑर एव्हर' म्हणणारे आपल्याकडे अर्जांत पुष्कळ भेटतात.

पत्रकवालीबाई, तुमचं माणसं आणि वेळा हे वेगळं करून सांगणं मला फार आवडलं. इतकी वर्षं शिकवलं, पण हे डोक्यात आलं नव्हतं.

रावपुऱ्याची_सून

सगळ्यांचे आभार. मास्तरांची पोस्ट ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. 'जेमतेम आणि फक्त' पर्यंत आल्यावर "बरं बरं" म्हणाले आणि चहा टाकायला उठले. आमच्याकडे याला शरणागती म्हणतात.

जिन्याचं मिटलं. पत्रकवालीताईंनी सांगितलं तसं लिहिलंय: गणपतीपासून एकदा, दोन जड पिशव्या घेऊन. पण दुसरा प्रश्न आता डोकं खातोय. "उताणं झोपल्यावर खोकला येतो का?" याला आईंचं उत्तर: "बहुतेक नाही येत." हे कुठे बसवू? बहुतेक म्हणजे मोस्टली ना? मग 'मोस्टली नॉट', म्हणजे पुन्हा हार्डली एव्हर?

सूरसागरकाठचा_मास्तर

थांबा. खूण करू नका!

'बहुतेक' फसवं आहे. 'बहुतेक लोक गेले' मध्ये ते संख्या सांगतं. 'तो बहुतेक येईल' मध्ये ते अंदाज सांगतं, इंग्रजीत 'प्रॉबेब्ली'. आई 'बहुतेक नाही येत' म्हणाल्या त्याचे दोन अर्थ निघतात: बऱ्याच वेळा येत नाही, किंवा येत नसावा, मला खात्री नाही. पहिला अर्थ असेल तर तो चौकोनात बसतो. दुसरा असेल तर कुठल्याच चौकोनात बसत नाही, कारण तो किती वेळा याचं उत्तरच नाही. 'बहुधा' ची गतही तीच.

त्यांना विचारा: आई, तुम्ही उताण्या झोपता का?

रावपुऱ्याची_सून

विचारलं. म्हणाल्या, "मी कशाला उताणी झोपू? मी आयुष्यभर कुशीवर झोपत आलेय."

म्हणजे त्यांना माहीतच नाही!!

पत्रकवाली

मग फॉर्म बाजूला ठेवा आणि आज दुपारी त्यांना पातळ उशी देऊन उताणं निजवा, वीसेक मिनिटं तरी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तसंच स्थिर पडून राहावं लागतं. डोळ्यावर काम चालू असताना खोकल्याची उबळ आली तर सर्जनला अवघड होतं, म्हणून हा प्रश्न आहे. खोकला आला, दम लागला, तर तो डॉक्टरांना आधी सांगायचा. नाही आला तर तसं लिहा, पण 'नेव्हर' वर खूण करून गप्प बसू नका. 'एरवी कुशीवर झोपतात, घरी उताणं निजवून पाहिलं, त्रास झाला नाही' असं पूर्ण वाक्य लिहा. गुजरातीत लिहिलंत तरी चालेल, काउंटरवर तेच जास्त नीट वाचलं जाईल.

रावपुऱ्याची_सून

निजवलं. खोकला नाही, दम नाही. पण "छताकडे बघत काय पडायचं" म्हणून कुरकुर केली, आणि पंख्यावर धूळ आहे हे त्यांना त्या अधू डोळ्यानेही दिसलं. वाक्य गुजरातीत लिहिलंय. लघवीच्या प्रश्नाला त्यांनी स्वतःच सांगितलं, "रोज एकदा, तीनच्या सुमारास." तिथे ऑलवेज.

मुलीचा एक प्रश्न आहे, तिची दहावी आहे. हार्डली एव्हर वाक्यात नक्की कुठे बसतं? शाळेत तिने 'शी इज हार्डली एव्हर लेट' लिहिलं आणि 'शी हार्डली एव्हर कम्स लेट' लिहिलं, एकीकडे क्रियापदानंतर आणि एकीकडे आधी. दोन्ही बरोबर कसं?

सूरसागरकाठचा_मास्तर

दोन्ही बरोबर. 'इज, आर, वॉज' एकटे असतील तर त्यांच्यानंतर. दुसरं कुठलंही क्रियापद असेल तर त्याच्या आधी. साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्या आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये: 'शी हॅज हार्डली एव्हर कम लेट.' ऑलवेज, युज्वली, ऑफन, नेव्हर, सगळ्यांना हाच नियम. फक्त युज्वली आणि समटाइम्स यांना वाक्याच्या सुरुवातीलाही बिनधास्त बसता येतं.

हार्डली एव्हरला सुरुवातीला बसवलं तर पुढचं वाक्य उलटतं: 'हार्डली एव्हर डझ शी कम लेट.' प्रश्नासारखं दिसतं पण प्रश्न नाही. नकारी शब्द पुढे आला की इंग्रजी असं करते, 'नेव्हर हॅव आय सीन' तसं. दहावीच्या निबंधात एखाद्या ठिकाणी चालेल. चिन्मय, तू मात्र तोंडी परीक्षेत स्वयंपाकाबद्दल विचारल्यावर 'हार्डली एव्हर डू आय कुक' म्हणू नकोस. समोरच्याला वाटेल भाषण सुरू झालं.

चिन्मय_मांजलपूर

नाही म्हणणार सर. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. 'हाऊ ऑफन' मधल्या ऑफनचा 'टी' म्हणायचा की नाही, त्यावर वेगळा धागा काढतो. क्लासात त्यावरून दोन गट पडलेत.

सूरसागरकाठचा_मास्तर

काढ. दोन्ही चालतात, पण 'लिसन' आणि 'सॉफन' मध्ये म्हणत नाहीस ना? बाकी तिकडे बोलू.